मळ्याचा नंबर

आमच्या मळ्यातल्या बायकांना नवऱ्याचा मोबाइल नंबर पाठ नाही, पण सोमनाथ आप्पांचा विचारा, एका दमात सांगतील. यात चावट काही नाही, उगाच गालात हसू नका. आप्पा माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आयुष्य काढून निवृत्त झालेले. उंच, जरासे वाकलेले, बाराही महिने पायात कामावरचे जाड बूट आणि शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. तो खिसा म्हणजे आमच्या मळ्याची तिजोरी, असं मी म्हटलं की आप्पा खूश व्हायचे. आता मी तसं म्हणत नाही.

मळा नाशिकरोडच्या जरा बाहेर, चिमण्यांचा धूर दिसतो त्या बाजूला. सगळी विधाते आडनावाची घरं, मधे झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. आधार कार्डाचं शिबिर शाळेत पहिल्यांदा भरलं, तेव्हा इथल्या एकाही बाईकडे फोन नव्हता. संगणकापुढच्या माणसानं विचारलं, मोबाइल नंबर? रांगेत पहिली होती माझी सासू, नवसाबाई. ती म्हणाली, "आप्पाचा लिव्हा." मागच्या बाईनं तेच सांगितलं, तिच्या मागचीनंही तेच. गॅसला तोच नंबर लागला, बँकेला तोच, रेशनला तोच. मी तेव्हा लग्न होऊन आले नव्हते, पण हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की मीच त्या रांगेत उभी होते असं वाटतं.

पुढं घरोघरी फोन आले. मग नंबर बदलायला काय झालं होतं, असं मी नवी नवरी असताना विचारलं. सासूनं माझ्याकडं असं बघितलं की माझं बी.कॉम. तिथंच पाण्यात गेलं.

"अगं तेजू, मेसेज नवऱ्याच्या फोनवर आला तर पैसं नवऱ्याला दिसत्यात. आप्पाच्या फोनवर आला तर आप्पाला दिसत्यात. आन् आप्पाच्या पोटात राहतं."

ही खरी गोष्ट होती. आमच्याकडं वाफ्यातला माल घराचा, पण बांधावर जे उगवतं ते बाईचं मानतात. गवती चहा, कढीपत्ता, अबोली, चार शेवग्याची झाडं. त्याचे पैसे बाई ठेवते. कुठं ठेवते ते पुरुष विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं, असून असून किती असणार? बायका ते बँकेत टाकायच्या, आणि ते टाकल्याचा मेसेज आप्पांच्या खिशात जाऊन पडायचा. मळ्यातल्या प्रत्येक बाईकडं किती शिल्लक आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसानं स्वतःच्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. यशोदाकाकू त्यावरून फणफणायच्या. "सगळ्या मळ्याची गुपितं ह्यांच्याकडं, आन् मला भाजीचा भाव पन सांगत नाय."

ओटीपीला आप्पा आकडा म्हणायचे. वीज केंद्रात ते मीटरचे आकडे टिपायचे, तीच सवय. आकडा आला की बूट वाजवत त्या घराच्या कुंपणाशी जायचे. "नवसाबाई, आकडा आलाय गं!" एवढंच मोठ्यानं. आकडा कधी ओरडून सांगितला नाही. बाई बाहेर आली की फोन तिच्यापुढं धरायचे आणि स्वतः तोंड फिरवायचे, जसं काही ती कपडे बदलते आहे.

सावधही होते. माझ्या नवऱ्यानं एकदा गंमत म्हणून आवाज बदलून, बँकेतून बोलतोय, तुमचा ओटीपी सांगा, असा फोन केला. आप्पांनी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट धुतलं. त्या सात पिढ्या आपल्याच आहेत हे त्यांना नंतर कळलं. स्वतःचा आकडा त्यांनी जन्मात कुणाला सांगितला नसता. पण दुसऱ्याचा आकडा सांगणं हेच तर त्यांचं काम होतं. बाई बँकेत किंवा गॅसच्या दुकानात गेली की तिथला माणूस आप्पांना फोन लावायचा. आप्पा म्हणायचे, "आधी बाईला फोन द्या." बाईचा आवाज ऐकायचे आणि मग आकडा सांगायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कुणाला त्यात भोक दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर सगळ्यांत शहाणी समजते स्वतःला.

भाद्रपदात मारुतीच्या मंडपात डोळे तपासणीचं मोफत शिबिर आलं. एक तरुण आणि एक गोड बोलणारी मुलगी. चष्मा फुकट मिळणार, त्यासाठी आधार कार्डाचा फोटो आणि नंबर हवा होता. तो तरुण लिहिता लिहिता हसला. "सगळ्या मावश्यांचा नंबर एकच कसा हो?" आप्पा पुढं झाले. पाठ सरळ केली. "माझा हाय तो. मळ्याचा नंबर म्हना." ती मुलगी मग चंद्रभागाताईंच्या ओट्यावर चहाला बसली. पोरगी काय करते, फुलं कुठं विकता, बँक कुठली, सगळं प्रेमानं विचारून गेली. चष्मे काही आले नाहीत. फुकटच्या गोष्टीला उशीर होतो, म्हणून कुणी बोललं नाही.

चंद्रभागाताई माझी चुलतजाऊ. नवरा जीवन, आप्पांचा पुतण्या. मुलगी सरिता बारावी झालेली, हुशार, तिला नर्सिंगला जायचं होतं. जीवनभाऊ वाईट माणूस नाही, पण त्यांच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते निघत नाही. त्यांच्या बहिणीनं नामपूरकडचं स्थळ आणलं होतं, कांद्याचे व्यापारी, घरात दोन गाड्या. दिवाळीनंतर उरकून टाकू, असं चाललं होतं. चंद्रभागाताईंनी बांधावरच्या शेवग्यावर आणि अबोलीवर सरिताची पहिल्या वर्षाची फी जमवली होती. बँकेत एक खातं जीवनभाऊंना माहीत होतं, गॅसचं आणि सरकारी पैशांचं. दुसरं त्याच बँकेत, त्यांना माहीत नसलेलं. ते फक्त त्या, मी आणि आप्पा जाणत होतो. "एकदा फीची पावती हातात येऊ दे," त्या मला म्हणाल्या होत्या. "मग सांगते. मग काय आदळआपट करायची ती करू दे." कॉलेजच्या अर्जावर त्यांनी नंबर दिला होता तो अर्थात आप्पांचा.

फोन आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मळ्यात माणूस नव्हतं, सगळे झेंडू घेऊन बाजारात. आप्पा घरी होते. पलीकडचा माणूस म्हणाला, बँकेतून बोलतोय, चंद्रभागाबाई इथं बसल्यात, त्यांचा अंगठा उठत नाही, आता आकडा येईल तो सांगा. आप्पांना ठाऊक होतं की फीसाठी त्या एक-दोन दिवसांत बँकेत जाणार. तरी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बाईला द्या." मागं गर्दीचा कालवा होता. बाईचा आवाज आला, "आप्पा, मीच हाय. लवकर सांगा, सरिताची फी भरायचीय." आप्पांनी सांगितला. मेसेज इंग्रजीत, लांबलचक होता. आप्पा नेहमीसारखं त्यातला फक्त आकडा वाचत गेले.

त्या वेळी चंद्रभागाताई नाशकात शालिमारच्या बाजारात रस्त्यावर बसून झेंडूचे वाटे लावत होत्या. मग आवाज कुणाचा होता? त्या चहा पिऊन गेलेल्या मुलीचा असेल. आम्हाला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर आप्पांचा फोन मुका झाला. टॉवर गेला असेल म्हणून त्यांनी तो कठड्यावर उंच ठेवून पाहिला. दसऱ्याला संध्याकाळी आमच्याकडं सोनं द्यायला आले, आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "तेजू, कालपासून रेंजच नाय बघ." माझा फोन त्याच कंपनीचा, आणि त्यात रेंज पूर्ण होती.

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस फार नम्र. तुमची ओळख पटवण्यासाठी ओटीपी पाठवलाय, म्हणाला. कुठं? तुमच्या नंबरवर. अहो, तो नंबरच तर चोरीला गेलाय. हो मॅडम, पण ओळख पटल्याशिवाय मला काही करता येणार नाही. मी चिडले, ओरडले, तो "आपली अडचण समजू शकतो" एवढंच म्हणत राहिला. शेजारी आप्पा हातात आपट्याची पानं धरून उभे. त्यांना वाटत होतं, मी ओरडले की काहीतरी होईल.

कंपनीच्या दुकानात गेलो तेव्हा आप्पांचा अंगठा उठेना. पुसून, फुंकर मारून, पुन्हा पुन्हा. नंबर परत मिळाला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दुकानातल्या मुलीनं शांतपणे समजावलं, "आजोबा, तो आकडा बँकेचा नव्हता. तुमचं सिम दुसऱ्याच्या फोनवर घेण्याचा होता." नंबर चोरांकडं गेला, आणि नंबराबरोबर मळ्यातल्या सगळ्या बायकांच्या चाव्या गेल्या. कागद तर चष्म्याच्या शिबिरात आम्हीच दिले होते.

एकेकीचं खातं कोरडं झालेलं. माझ्या सासूला सही येत नाही, पण तिच्या नावावर मोबाइलवरून कर्ज निघालं आणि वसुलीवाले तिला फोनवर नको ते बोलायला लागले. ती फोन कानाला लावून त्यांना विचारायची, "बाळा, तू कोन? जेवला का?" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

चंद्रभागाताईंची दोन्ही खाती गेली. सरकारी पैशांच्या खात्याचं त्यांनी घरात सांगितलं. दुसऱ्याचं नाही. मी मागं लागले. म्हटलं, सायबरच्या हेल्पलाइनला आत्ता फोन करा, उशीर केला तर पैसे अडवता येत नाहीत. माझ्या फोनवरून करा, कुणाला कळणार नाही.

"आन् चौकशीला मानूस घरी आला तर? दारात ह्येच उभं राहतील." त्या हाताला लागलेला झेंडूचा चीक खरवडत होत्या. "पैसं गेलं ते गेलं. पन घरात कळलं ना, तर ह्ये उद्याच नामपूरवाल्यांना होकार कळवतील. पैसं परत जमवता येत्यात गं. शेवगा हाय, अबोली हाय. कॉलेजवाल्याला एक-दोन महिने थांब म्हनते."

आप्पा तिथंच कट्ट्यावर बसले होते. "माझी ठेव हाय," ते म्हणाले. "ती मोडतो. फी मी भरतो, चंद्रभागे. चूक माझी हाय."

"बघू," चंद्रभागाताई म्हणाल्या. त्या आप्पांवर रागावल्या नव्हत्या, आणि तेच आप्पांना सोसत नव्हतं. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पोलीस ठाण्यात सगळ्यांना घेऊन गेले जीवनभाऊ. साहेब नीट बोलले, तक्रारी घेतल्या, पैसे कुठल्या कुठं गेलेत ते सांगितलं आणि पहिल्याच दिवशी यायला हवं होतं असंही म्हणाले. पहिल्या दिवशी आप्पा टॉवरची वाट बघत होते. घरी आल्यावर जीवनभाऊंनी मारुतीच्या मंडपात पुरुष जमवले. ठरलं, की आता आप्पांचा नंबर सगळीकडून काढायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या घरातला द्यायचा. बायकांना कुणी विचारलं नाही. खरं सांगते, ऐकायला ते शहाणपणाचंच वाटलं. कुठलाही बँकवाला तेच सांगेल.

बँकेत गेलो तेव्हा आप्पाही आले. कुणी बोलावलं नव्हतं. स्वच्छ शर्ट, तेच बूट. जीवनभाऊंनी नवरा-बायकोंची रांग लावली. माझी सासू पुढं. काउंटरवरच्या मुलीनं माझा नंबर टाइप केला आणि म्हणाली, "एकदा बदलला की तुमच्या नावावरच्या सगळ्या खात्यांना हाच लागेल, बरं का आजी. आत्ता मेसेज येईल."

मी ऐकलं आणि मागं वळून पाहिलं. आप्पांनीही ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. रांगेत जरा मागं चंद्रभागाताई दुसऱ्या बाईशी बोलत होत्या, त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून जीवनभाऊ उभे.

मी जाऊन त्यांचा हात धरला. "ताई, चला ना, जरा पाणी पिऊन येऊ."

"कुठं?" जीवनभाऊ म्हणाले. "आला की आपला नंबर. चला पुढं."

आप्पा पुढं आले. घसा खाकरला. "जीवन, मी काय म्हनतो, सरिताचा नंबर दे की. पोरगी शिकलेली हाय. तिला मेसेज वाचता येत्यात."

"आप्पा, तुमी राहू द्या," जीवनभाऊ म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "तुमच्या नंबरानं काय झालं ते बघू राहिलो ना आमी. आता गप बसा."

आप्पा मागं सरले. दुसरं काय करणार होते? कारण सांगितलं तरी दुसरं खातं उघडं पडणार होतं, आणि नाही सांगितलं तरी पडणारच होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, मी नेहमी वाद घालणारी, मीही चंद्रभागाताईंचा धरलेला हात सोडून दिला.

"बाईंचा नवीन नंबर?" मुलीनं विचारलं.

चंद्रभागाताई सवयीनं बोलू लागल्या, "अठ्ठ्याण्णव..." आणि थांबल्या. रांगेतलं कुणीतरी हसलं. जीवनभाऊंनी आपला नंबर सांगितला. मुलीनं टाइप केला. जीवनभाऊंच्या खिशात फोन वाजला. लगेच पुन्हा वाजला.

त्यांनी काढून पाहिला. "मॅडम, मेसेज दोनदा आला वाटतं."

"दोन खाती आहेत ना बाईंची," मुलगी मान वर न करता म्हणाली. "दोन्हीला लागला. पुढचं कोण?"

जीवनभाऊंनी दोन्ही मेसेज पुन्हा वाचले. शेवटचे आकडे बोटानं ताडून पाहिले. मग बायकोकडं बघितलं. चंद्रभागाताई त्यांच्याकडं बघत नव्हत्या. त्या आप्पांकडं बघत होत्या, आणि जीवनभाऊंनी ते पाहिलं.

"तुमाला माहीत होतं?" त्यांनी आप्पांना विचारलं.

आप्पांना खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर जे पोटात ठेवलं ते कुणी विचारलंच नव्हतं म्हणून राहिलं. "होतं," ते म्हणाले. "पोरीच्या शिक्षणाचं हाय ते, जीवन. वाईट काय नाय त्यात."

"माझ्या बायकोचं मला माहीत नाय. तुमाला माहीत." एवढंच म्हणून जीवनभाऊ बाहेर गेले. चंद्रभागाताई पदर सावरत त्यांच्या मागं. रांगेतले पुरुष आपापल्या बायकांकडं वळून बघायला लागले, आणि बायका जमिनीकडं. "पुढचं कोण?" मुलीनं पुन्हा विचारलं, तेव्हा एकही बाई पुढं सरली नाही. नवऱ्यांनीच त्यांना पुढं केलं.

आप्पांनी ठेव मोडली. पैसे घेऊन ते जीवनभाऊंच्या दारात गेले तेव्हा दार उघडलं नाही. मग माझ्याकडून पाठवले, तर चंद्रभागाताईंनीच परत केले. "नको गं," त्या म्हणाल्या. "आता त्यांचं पैसं घेतलं तर लोक काय काय जोडतील. मला काय नाय, पोरीचं नाव निघंल." नामपूरला होकार गेला. सरिता मला एकदा नळावर भेटली. म्हणाली, "काकू, आईला काही बोलू नका, ती रात्रंदिवस रडते."

आता मळ्यात प्रत्येक घरचा नंबर वेगळा आहे. बांधावरच्या पैशांचे मेसेज नवऱ्यांच्या फोनवर येतात आणि संध्याकाळी हिशेब विचारला जातो. ज्यांनी पैसे चोरले ते कुठं बसलेत कुणाला ठाऊक, त्यांना एवढंही माहीत नसेल की त्यांनी आणखी काय काय नेलं. मला राग येतो, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

परवा आप्पांचा फोन वाजला. मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, ते माझ्याकडं आले आणि फोन पुढं केला. "तेजू, हे वाच. इंग्रजीत हाय. आता मी आकडा सोडून बाकीचं पन वाचून घेतो आधी."

कॉलेजचा मेसेज होता. सरिता विधातेची जागा राखून ठेवली आहे, फी भरायचा उद्या शेवटचा दिवस. अर्जावरचा नंबर तेवढा कुणी बदलला नव्हता.

मी वाचून दाखवला. आप्पांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि निघाले. बूट वाजवत जीवनभाऊंच्या कुंपणापर्यंत गेले. आत ओट्यावर चंद्रभागाताई अबोली गुंफत बसल्या होत्या. आप्पा उभे राहिले. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात जीवनभाऊ गोठ्यातून बाहेर आले, आणि आप्पांनी तोंड मिटलं.

मग परत वळले, आणि माझ्या दारावरून जाताना मला म्हणाले, "रेंज नव्हती."